होल म्हणजे सगळं

बारावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर सुटला की मला आतून उकळी फुटायची. पत्र्याची खोली, डोक्यावर गरम वारा फेकणारा पंखा, शेजारच्या टेबलावरचे सर ‘उरका बाई एकदाचं’ म्हणतायत, आणि मी मात्र सिनेमा लागल्यासारखी बसलेली. एकच गणित शंभर पोरांनी सोडवलेलं ओळीनं बघत जाण्यात काय मजा असते, ते सांगून पटायचं नाही. कुणी सरळ जातं, कुणी लांबून वळसा घालून येतं, कुणी मधेच हरवतं आणि भलत्याच ठिकाणी उगवतं. तोंड न बघता, नाव न कळता ते पोर आपल्याशी बोलत असतं. मला पगार मिळाला नसता तरी मी ते वाचलं असतं, असं आमचे हे म्हणायचे. पगार मिळाला ते बरंच झालं.

मी तळेगाव ढमढेऱ्याची, माळवं-भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, बाई मिरवतायत. मिरवतेच आहे. दौंड तालुक्यात, सोलापूर रोडवरच्या एका ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, पुढं नियामक झाले. नियामक म्हणजे तपासणाऱ्याला तपासणारा. परीक्षकानं मार्क दिले की त्यातले काही पेपर नियामक पुन्हा बघतो, की बाबा कुठं हात आखडला, कुठं सैल सुटला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गणितात काय, उत्तर बरोबर नाहीतर चूक, त्याला हुशारी कशाला. तसं असतं तर पोरंच एकमेकांचे पेपर तपासून मोकळी झाली असती. चार मार्कांच्या गणितात बहुतेक मार्क पायऱ्यांना असतात, शेवटच्या उत्तराच्या वाट्याला थोडे. आमच्या हातात आदर्श उत्तरपत्रिका असते, कुठल्या पायरीला किती ते त्यात लिहिलेलं असतं. पण पोरांनी ती वाचलेली नसते ना. ती आपल्या डोक्यानं जातात.

एका पेपरात कॅनॉलकाठच्या शेताचं गणित होतं. ऐंशी मीटर तार आहे, कॅनॉलच्या बाजूला कुंपण लागत नाही, उरलेल्या तीन बाजूंना तार घालून जास्तीत जास्त जमीन कशी घेशील. एका बहाद्दरानं चारी बाजूंना तार घातली आणि शेजारी इंग्रजीत खुलासा लिहिला की कॅनॉलच्या बाजूनंपण गुरं येतात. परीक्षकांनी भोपळा दिला होता. मी पेपर घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सर, ह्यानं मांडणी चुकवली, उत्तर चुकवलं, ते कापा. पण पुढं त्यानं डेरिव्हेटिव्ह काढलाय, शून्याला धरलाय, जास्तीत जास्त येतंय का तेही तपासलंय. त्या पायऱ्या त्यानं चोरल्या का? सर हसले, म्हणाले, तुमच्याकडं गुरं फार दिसतात. मी म्हटलं, आहेतच. मार्क मात्र दिले त्यांनी.

तर पोरानं काय केलं नाही ते नंतर, आधी काय केलं ते बघायचं. हे मी धरून चालले. पण एका बाबतीत आम्ही सगळेच परीक्षक कडक. एखादी ओळ साफ चुकलेली, आणि तिच्या खालची ओळ एकदम बरोबर, असं दिसलं की हात आपोआप लाल रेघ मारतो. चुकीच्या ओळीतून बरोबर ओळ निघत नाही. ती निघाली म्हणजे शेजारच्या बाकावरून आली. एकदा असं दिसलं तर सोडून देतो. पानोपान दिसलं तर पुढचं काहीच खरं वाटत नाही.

याच रेघेनं कावेरीचा घात केला.

कावेरी वरवंडची. घरी शेती, थोडा ऊस, बाकी गवार, वांगी, झेंडू. वडिलांना सगळे बापू म्हणतात. पोरीच्या डोळ्याला जाडजूड भिंगं आणि डोकं असं, की मी फळ्यावर गणित लिहून पूर्ण करायच्या आत मागून आवाज यायचा, बाई, दुसऱ्या ओळीत मायनस राहिला. तिला पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. तिथला प्रवेश बारावीच्या गणिताच्या मार्कांवर, आणि होस्टेल त्या प्रवेशावर. बापूंनी स्पष्ट सांगितलेलं, होस्टेल मिळालं तर पुणं, न्हाईतर हितंच जवळ काय मिळंल ते. कुचकेपणानं नव्हे. रोज वरवंडाहून पुण्याला जाऊन-येऊन पोरगी काय शिकणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

फिजिक्सचा पेपर झाला आणि गणिताच्या आधी कावेरी स्कूटीवरून पडली. उसाचे ट्रेलर जातात तेव्हा मोळ्या रस्त्यावर सांडतात, त्यांच्यावरून चाक घसरलं. उजवं मनगट मोडलं आणि चष्म्याचा चुरा झाला. तिच्या नंबरची काच पुण्याहून यायला आठवडा लागायचा. हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळं लेखनिक घ्यायची परवानगी धावपळ करून मिळवली. लेखनिक म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते लिहिणारा. तो खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणजे त्याला स्वतःला उत्तरं येत नाहीत. शेजारच्या दीपालीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून अकरावी आर्ट्सची दीपाली बसली. दोघींना एकत्र सरावाला एक संध्याकाळसुद्धा मिळाली नाही.

वेगळी खोली, समोरासमोर बाकं, दारात पर्यवेक्षक. कावेरी प्रश्नपत्रिका नाकाला लावून वाचायची, डाव्या हातानं कच्चं काम गिरगटायची आणि दीपालीला सांगायची. दीपाली काय लिहितेय ते पलीकडच्या बाकावरून तिला धुकं दिसत होतं. प्रत्येक पान मागून नाकाला लावून बघायला वेळ कुठला. बाहेर आली तेव्हा खूश होती. बाई, एक सोडून सगळं आलं, म्हणाली.

निकाल लागला. बाकी विषय भरघोस, आणि गणिताच्या लेखी परीक्षेत ऐंशीपैकी एकेचाळीस.

बापू कॉलेजात आले आणि माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, “बाई, आम्हाला त्यातलं कळत न्हाई. ती हुशार हाय असं तुम्ही म्हणायचा म्हणून आम्ही म्हणायचो.”

मला ते फार लागलं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. बोर्डाची तशी सोय आहे: छायाप्रत घ्यायची, विषयशिक्षकानं प्रश्नागणिक कारण देऊन अभिप्राय लिहायचा, मग पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. छायाप्रत आली आणि मी कॉलेजच्या व्हरांड्यातच उभ्या उभ्या उलटायला लागले. पहिलं पान बघितलं. चुकलेली ओळ, खाली बरोबर ओळ. पुन्हा चुकलेली, पुन्हा बरोबर. पानोपान. मी परीक्षक असते तर मीही कापलं असतं.

आता इथं आमच्या धंद्यातला एक शब्द सांगायला पाहिजे. गणित बोलताना आपल्याकडं कंस कुणी म्हणत नाही. ‘एक्स प्लस टू होल स्क्वेअर’ म्हणतात. होल म्हणजे सगळं, अख्खं. तीन अधिक दोन होल स्क्वेअर म्हणजे आधी दोन्ही मिळवा, पाच, मग वर्ग, पंचवीस. तो होल काढून टाका, की तीन अधिक चार, सात. एवढ्या एका शब्दावर पंचवीसचे सात होतात. आणि हा शब्द पुस्तकात कुठंही छापलेला नसतो. तो फक्त मास्तरांच्या तोंडात असतो. तळेगावातून अकरावीला गेले तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला आणि होल म्हणजे भोक, एवढंच इंग्रजी येत असल्यामुळं कितीतरी दिवस फळ्यावर भोक शोधत होते. घरी विचारणार कुणाला?

कावेरीच्या पेपरात एकही कंस नव्हता. म्हणजे प्रश्नपत्रिकेतून उतरवलेले होते, पण तिनं सांगितलेल्या ओळींत एकही नाही. सगळे होल गायब, आणि खालच्या ओळीत त्यांचा विस्तार मात्र बिनचूक. मी तशीच गाडी काढली आणि वरवंडला गेले. दोघी पोरींना पडवीत समोर बसवलं आणि दीपालीला विचारलं, बाळ, ही होल म्हणायची तेव्हा तू काय करायचीस?

दीपाली म्हणाली, “थांबायचे की.”

“थांबायचीस म्हणजे?”

“पप्पा कुरकुंभला क्रेनवर हायेत ना. गाडी मागं घेताना म्हणत्यात, येऊ द्या, येऊ द्या, होल. म्हंजी थांबा. मला वाटलं ताईला विचार करायचाय. मी पेन टेकवून गप बसायचे. मग ती स्क्वेअर म्हणली की स्क्वेअर काढायचे.”

कावेरीनं कपाळावर हात मारला, तोही प्लॅस्टर नुकतंच काढलेला. “अगं ये बये, होल्ड आन् होल एक असतं व्हय?”

“मला काय म्हाईत. तू एवढ्यांदा होल म्हणलीस, मला वाटलं हिला दमच लागतोय.”

मी हसू की रडू अशी झाले, आणि तेवढ्यात दीपालीचा एक शब्द डोक्यात अडकला. पेन टेकवून. मी छायाप्रत उघडली आणि उजेडात धरली. दीपालीचं जेल पेन. पेन टेकवून बसलं की शाई फुटते. एक्स प्लस टू, त्याच्या पुढं एक बारीक काळा ठिपका, आणि मग वर्गाचा दोन. दुसरीकडं बघितलं, ठिपका. तिसरीकडं, ठिपका. जिथं होल पाहिजे तिथं ठिपका. साध्या वर्गाला ठिपका नाही. मी ओरडलेच असणार, कारण बापू रानातून धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

मी त्यांना समजावून सांगितलं. तुमच्या पोरीचे कंस हरवलेले नाहीत बापू, सगळे जागच्या जागी आहेत, फक्त ठिपके होऊन बसलेत. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आम्ही जमिनीवर पानं पसरली आणि पेन्सिलीनं एकेका ठिपक्याभोवती गोल करत गेलो. बापूंनी चहा ठेवायला लावला. दीपाली ओरडायची, हा घ्या अजून एक.

आणि मग मला तो दिसला.

दोन मार्कांचा प्रश्न होता. शेवटच्या ओळीत छेदात एक अधिक एक्सचा वर्ग. उत्तर बरोबर, परीक्षकांनी पूर्ण मार्क दिलेले. आणि एक्सच्या पुढं, वर्गाच्या आधी, ठिपका.

तिथं होल नको होता. असेल तर उत्तर चूक. मी कावेरीला ती ओळ दाखवली आणि विचारलं, इथं काय म्हणाली होतीस, आठवतंय का?

तिनं पान नाकाजवळ नेलं. नवीन चष्मा असूनही सवय जात नाही. “होल स्क्वेअर म्हणाले. हा तर मला येत नव्हता, बाई. तुम्हाला म्हणाले ना, एक सोडून. घाईत ठोकून दिलं.” मग तिची नजर बरोबरच्या लाल खुणेवर गेली.

बापूंना आमच्या तोंडांवरून कळलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, की बापू, ठिपका म्हणजे होल असं आपण म्हटलं तर बाकीचे मार्क परत येतील, पण इथला एक जाईल. बापूंनी थोडा विचार केला आणि सरळ माणसासारखं म्हणाले, “मंग त्याला गोल नका करू की. कोण बघतंय? परीक्षकाला दिसला न्हाई, आन् कुणाला दिसतोय?”

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. पुण्याची यादी एकेका मार्कावर हलते. आपले मार्क किती परत येतील ते ठाऊक नाही. कदाचित हाच एक कमी पडेल. मी पोरीला म्हटलं, तू सांग. मी शिक्षक आहे, पण मार्क तुझा आहे.

कावेरी उठून गेली. परसात झेंडूची क्रेट रिकामी करत बसली. दीपाली तिच्या मागं जायला निघाली तर बापूंनीच हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं ती आली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या ठिपक्याला गोल केला.

“एका पेपरात एका खुणेचे दोन अर्थ व्हत न्हाईत, आप्पा,” ती वडिलांना म्हणाली. घरात ती त्यांना आप्पा म्हणायची. “ठिपका म्हंजी होल, तर सगळीकडं होल.”

बापू म्हणाले, “आन् एका मार्कानं पुणं हुकलं म्हंजी?”

तिनं पेन्सिल मला परत दिली.

अभिप्रायात मी सगळं लिहिलं, विरुद्ध जाणारा ठिपकासुद्धा, प्रश्नाच्या क्रमांकासकट. लिहून कॉलेजात दाखवलं तर कारकून म्हणाले, मॅडम, मार्क वाढवून मागायच्या अर्जात मार्क कमी करा असं लिहिलेलं पहिल्यांदाच बघतोय.

कागद पाठवून गप्प बसवेना. दोघींना घेऊन मी पुण्याला बोर्डाच्या कचेरीत गेले. तिथले मुख्य नियामक वयानं आणि मानानं मोठे, त्यांच्या हाताखाली मी काम केलेलं. त्यांनी भेटायला वेळ दिला तो माझ्याकडं बघून. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, लेखनिकाची चूक ती परीक्षार्थीची चूक. नियम तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, “नियम माहीत आहे सर. पण लेखनिकानं चूक केली असं मी म्हणतच नाही. हिनं प्रत्येक होल लिहिलाय. आपल्याला वाचता आला नाही, एवढंच.”

ते मिश्कील हसले. कोरा कागद दीपालीपुढं सरकवला, तिचंच पेन घ्यायला लावलं आणि स्वतः सांगायला लागले. लांबलचक पदावली, मधे तीनदा होल, मुद्दाम भरभर, मुद्दाम सावकाश. दीपालीला आता होलचा अर्थ कळलेला होता. ती बिचारी कंस काढायला लागली. सर म्हणाले, कंस नको, तेव्हा करायचीस तसं कर. तिनं केलं. तीन होल, तीन ठिपके. मी खुर्चीवरून उठायचीच राहिले होते.

पण सर कच्चे नव्हते. म्हणाले, हे घरी आठ दिवस बसवून आणता येतं. मी तुमच्यावर शंका घेत नाही बाई, पण माझ्या जागी बसून बघा.

बघितलं. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी माझा अभिप्राय पुढं ओढला आणि वाचायला लागले. एक पान, दुसरं पान. दुसऱ्या पानावर थांबले. चष्मा वर करून छायाप्रतीतली ती ओळ शोधली, एक अधिक एक्स, ठिपका, वर्ग. मग माझ्याकडं बघितलं.

“हा तर तुमच्या विरुद्ध जातोय.”

“होय सर.”

“कुणी लिहायला सांगितलं?”

मी कावेरीकडं बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, “तिथं मी होल म्हणाले होते, सर. ते चुकलेलं आहे.”

सरांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग अर्जावर लाल नव्हे, निळ्या पेनानं दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, जा, कळवतो. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी देव पाण्यात घातले नाहीत एवढंच. पुण्याच्या कॉलेजनं सांगितलेलं, सुधारित गुणपत्रिका आणली तर शेवटच्या यादीत विचार करू. यादीची तारीख जवळ येत चाललेली. बापू रोज फोन करायचे आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. मला राहून राहून वाटायचं, इतकी वर्षं मी चुकलेली ओळ, बरोबर ओळ बघून रेघ मारत आले, त्यातल्या किती पोरांचं कुणीतरी काहीतरी निराळंच ऐकलं असेल? त्यांच्या वेळी ठिपके शोधायला कुणी गेलं नाही. आता आमच्या कॉलेजात कुणाला लेखनिक मिळाला की दोघांना तासभर समोरासमोर बसवून एकमेकांची बोली ऐकवतात. मी निवृत्त व्हायच्या आधी तेवढं लावून दिलं.

सुधारित निकाल आला त्या दिवशी कावेरी गवार तोडत होती. मी बांधावर गाडी लावली आणि साडीच्या निऱ्या सावरत तशीच सरीतून गेले. बापू दुसऱ्या टोकाला होते, मला बघून पाटी खाली ठेवून जागीच उभे राहिले. मी लांबूनच सांगितलं. अडुसष्ट. ऐंशीपैकी अडुसष्ट. पुसट ठिपक्यांचे मिळाले नाहीत, तरी पुण्याला लागतात त्यापेक्षा वर. होस्टेलसकट.

बापूंनी टोपी काढली आणि तोंड पुसलं. कावेरी आली नाही. गवारीच्या ओळीत उभी राहून तिनं विचारलं, “तो एक कापला का, बाई?”

“कापला,” मी म्हटलं.

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा घातला.

“मग बाकीचे माझेच हायेत,” ती म्हणाली.